गोळीपेक्षा लपवणूक घातक

लिंगाला ताठरता न येणे किंवा ती न टिकणे या तक्रारीवर आज मुख्यतः एकाच कुळातली औषधे दिली जातात: सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल आणि अव्हानाफिल. यांतले थोरले सिल्डेनाफिल. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत ते हृदयशूळासाठी तपासले जात होते. त्या कामात ते सुमार निघाले. पण चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी निराळाच परिणाम सांगितला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या निराळ्या कामासाठीच त्याला मंजुरी दिली. भारतात तेव्हा पेटंट औषधाला मिळत नसे, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. त्यामुळे २००१ पासून देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मेडिकलच्या दुकानांत आल्या. तेव्हापासून मराठी आरोग्यसदरांत एक विधान ठाण मांडून बसले आहे: या गोळ्या हृदय बंद पाडतात, त्यापेक्षा निरुपद्रवी जडीबुटी बरी. विधानाचा पूर्वार्ध अर्धवट खरा आहे. उत्तरार्ध मात्र जीवघेणा आहे.

कामेच्छा जागी झाली की लिंगातील मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडते. त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचे रसायन वाढते, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल होतात आणि रक्त भरते. पीडीई-५ हे विकर त्या रसायनाचा निचरा करते. गोळी या विकराला अडवते. म्हणजे गोळी इच्छा निर्माण करत नाही. गोळी घेऊन टीव्हीवर बातम्या पाहत बसणाऱ्याला फार तर डोकेदुखी, चेहऱ्याची लाली, चोंदलेले नाक आणि आम्लपित्त मिळेल.

नायट्रिक ऑक्साइडच्या शरीरातील या कामाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले तेही १९९८ मध्येच. ज्याच्या नावाचे हे पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटकांवर संपत्ती कमावली आणि अखेरच्या दिवसांत हृदयशूळासाठी डॉक्टरांनी त्याला तेच नायट्रोग्लिसरिन पोटात घ्यायला सांगितले. दैवाची ही थट्टा त्याने स्वतः पत्रात नोंदवली आहे. नायट्रोग्लिसरिन शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते, म्हणून छातीतली कळ थांबते. आपल्याकडे घरोघरच्या ज्येष्ठांच्या खिशात असलेली, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट याच जातीची.

सारा धोका इथे आहे. नायट्रेट तोटी उघडते आणि पीडीई-५ रोखणारी गोळी निचरा बंद करते. दोन्ही एकत्र आले की साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदयालाच रक्त पुरेनासे होते. म्हणून नायट्रेट चालू असलेल्याने ही गोळी घेऊच नये. अधूनमधून घेणाऱ्यानेही नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. हृदयशूळावरचे निकोरँडिल आणि फुप्फुसांच्या रक्तदाबावरचे रिओसिग्वाट यांनाही हाच नियम लागू. पार्ट्यांत हुंगले जाणारे ‘पॉपर्स’ हे नायट्राइटही तितकेच वर्ज्य.

हृदय बंद पाडण्याच्या आरोपाचा उगम मंजुरीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, १९९८ मध्येच, सापडतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ६० लाखांहून अधिक वेळा हे औषध लिहून दिले गेले आणि ते घेणाऱ्यांपैकी १३० जणांच्या मृत्यूची नोंद झाली. वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलला. त्यांपैकी १६ जणांनी नायट्रेट घेतले होते किंवा त्यांना ते दिले गेले होते, हा तपशील मागे पडला. घेणारे बहुतेक उतारवयातले, अनेकांना आधीच हृदयविकार. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांना औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त झटके आल्याचे दिसले नाही. समागम हा मात्र श्रमच आहे. दोन जिने चढताना ज्याच्या छातीत दुखते किंवा धाप लागते, त्याने आधी हृदयाची तपासणी करावी. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्यांनी, अस्थिर हृदयशूळ असलेल्यांनी, ज्यांचा रक्तदाब फार खाली आहे किंवा आवाक्याबाहेर चढलेला आहे त्यांनी थांबावे.

उरलेले पथ्य थोडक्यात सांगता येते. सिल्डेनाफिलची नेहमीची मात्रा ५० मिलिग्रॅम, समागमाच्या सुमारे तासभर आधी, २४ तासांत एकदाच. तुपकट जेवणानंतर असर उशिरा होतो. म्हणून ‘लागू पडली नाही’ असे समजून दुसरी गोळी तोंडात टाकणे हा नेहमीचा आणि वाईट प्रकार. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. पासष्टीनंतर, किंवा यकृत-मूत्रपिंड कमजोर असल्यास, सिल्डेनाफिलची मात्रा २५ मिलिग्रॅमपासून सुरू होते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असेल तर चक्कर येऊन पडण्याचा संभव असतो. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, रिटोनाव्हिर ही औषधे सिल्डेनाफिलची रक्तातली पातळी चढवतात. ताठरता चार तासांहून अधिक राहिली, एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले किंवा कान बंद पडले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता जडीबुटी. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंती आणि लोकलच्या डब्यातली चिकटपत्रे ज्या चूर्णांची ग्वाही देतात, त्यांत जो काही गुण येतो तो पुष्कळदा चूर्णाचा नसतोच. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून विकलेल्या मालात न सांगता मिसळलेले सिल्डेनाफिल किंवा त्याचे भाऊबंद जगभरच्या औषध प्रशासनांना पुन्हा पुन्हा सापडले आहेत. सॉर्बिट्रेट बाळगणारा माणूस गोळीला घाबरून चूर्णाकडे वळतो आणि तीच गोळी, मात्रा न कळता, घेतो. सिंगापूरमध्ये २००८ साली याहून भयंकर घडले. पहिल्या पाचेक महिन्यांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातली साखर कोसळून रुग्णालयांत आले. त्यांपैकी सात दीर्घकाळ बेशुद्ध राहिले, चौघे दगावले. शक्तिवर्धक म्हणून घेतलेल्या अवैध मालात सिल्डेनाफिलबरोबर ग्लायबेन्क्लामाइड हे मधुमेहाचे औषध भरपूर निघाले. यावरून आयुर्वेदाला झोडपण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरणाला स्वतंत्र अध्याय आहे, आणि भिंतीवर फोन नंबर रंगवणाऱ्याने तो वाचला असण्याचा संभव नाही.

या बाजाराला बांध घालायला कायदा आहे. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी केली. भिंतींनी तो कायदा अजून वाचलेला नाही. त्याच्या वीस वर्षे आधी, १९३४ मध्ये, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला होता. गुन्हा काय, तर आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकाला प्रश्न पडला आणि त्याने विचारला, तर त्या विषयाला वाहिलेल्या मासिकाने उत्तर देऊ नये काय, असा बचावाचा रोख होता. कर्वे खटला हरले, दंड झाला, आणि ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालवत राहिले. उत्तर देणाऱ्याला शिक्षा आणि फसवणाऱ्याला मोकळी भिंत, ही महाराष्ट्राची वाटणी तेव्हापासूनची आहे. गणिताचा हा प्राध्यापक लाजेला पुरावा मानायला तयार नव्हता, एवढाच त्याचा अपराध.

तरीही कर्व्यांची वाट या विषयात निम्म्यापर्यंतच नेते. छापील उत्तर सर्वांना सारखे असते. ही गोळी कोणाला चालेल हे त्याच्या खिशातल्या इतर गोळ्यांवर ठरते आणि ते मासिकाला दिसत नाही. आज हातातल्या फोनवर मिळणाऱ्या उत्तरांचीही तीच गत.

म्हणून चिठ्ठीची अट. कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि ती अट कडक करावी हे मत सुचणे साहजिक आहे. पण काउंटरवरचे दृश्य पाहिले की ते डळमळते. गिऱ्हाईक दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत रेंगाळते, मग हलक्या आवाजात नाव घेते. दुकानदार काही न विचारता कात्रीने स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या कापतो. मुदतीची तारीख आणि मात्रेचा आकडा बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहतो. गिऱ्हाइकाच्या हाती अर्धे नाव छापलेली चांदी येते. ब्रिटनने २०१७ मध्ये उलटा निर्णय घेतला. ५० मिलिग्रॅमचे सिल्डेनाफिल चिठ्ठीविना, पण फार्मासिस्टने हृदयविकार आणि चालू औषधे यांची चौकशी केल्यावरच, विकायला परवानगी दिली. बेकायदा संकेतस्थळांकडे जाणारे पुरुष दुकानात यावेत, हा त्यामागचा एक हेतू. कोणी न मागितलेल्या चिठ्ठीपेक्षा विचारलेला प्रश्न अधिक सुरक्षित, हे मान्य करावे लागते. आपल्या दुकानांत तसे विचारणारा प्रशिक्षित माणूस आणि तेवढा आडोसा येईपर्यंत मात्र अट काढणे धोक्याचे आहे.

डॉक्टरही यातून सुटत नाहीत. मधुमेहाच्या रुग्णाचे पाय तपासले जातात, डोळे तपासले जातात. ताठरतेचा प्रश्न तेवढा टळतो. वास्तविक लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी तुंबतात, आणि ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी येऊ शकते. चाळिशीतल्या माणसाने गुपचूप गोळी घेतली की तक्रार मिटते आणि इशाराही मिटतो. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, नैराश्यावरच्या गोळ्या, क्वचित टेस्टोस्टेरॉन यांची चौकशी राहून जाते. पहाटे ताठरता येणाऱ्या तरुणाची अडचण बहुधा मनाची असते. त्याला बोलणारा समुपदेशक हवा असतो.

रात्री दोन वाजता छातीत कळ येऊन माणूस रुग्णालयात पोचतो तेव्हा ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ याचे उत्तर बायको देते, आणि तिला या गोळीची गंधवार्ता नसते. डॉक्टर जिभेखाली नायट्रेट ठेवतात. गोळी घेणाऱ्याने ती घेत असल्याचे घरात एका माणसाला तरी सांगावे, स्ट्रिप अख्खी घ्यावी, आणि छातीत दुखू लागल्यास डॉक्टरांना सर्वांत आधी गोळीचे नाव आणि घेतल्याची वेळ सांगावी.