भयाची गोडी

भयकथांचा व भयपटांचा मीं लहानपणापासून इतका फडशा पाडला आहे कीं, माझ्या अभिरुचीविषयीं आप्तेष्टांनीं आशा सोडल्याला बराच काळ लोटला. 'जगांत खरीं दुःखें का थोडीं आहेत, म्हणून हीं विकत घ्यावींत?' हा त्यांचा नेहमींचा प्रश्न. आणि त्यावर भरतमुनींना पुढें करून निसटणें हा माझा नेहमींचा डाव. नाट्यशास्त्रांतल्या आठ रसांच्या पंगतींत भयानकाचेंही पान शृंगाराच्याच ओळींत मांडलेलें आहे. मग आम्हींच कां ओशाळावें?

परंतु आक्षेप इतक्या स्वस्तांत सुटण्यासारखा नाहीं. दुसऱ्याच्या जिवाचा थरकांप आपण सुखानें पाहत बसावें, यांत निर्दयपणा नाहीं काय, हें त्याचें खरें स्वरूप आहे.

अभिनवगुप्तानें भरताच्या ग्रंथावर टीका लिहितांना या रसाचें उदाहरण शाकुंतलांतून घेतलें आहे. दुष्यंताचा रथ पाठीशीं लागला असून हरिण मान वळवून मागें पाहत, तोंडांतले अर्धवट चावलेले दर्भ वाटेंत गाळीत धांवत आहे. त्या वेळीं रसिकाच्या मनांत 'मी भ्यालों' असें नसतें, आणि 'तो भ्याला' असेंही नसतें; स्थळकाळाचीं व आपपराचीं बंधनें गळून नुसतें भय तेवढें उरतें, असें त्याचें म्हणणें. मला यांत आणखी एक मौज दिसते. हें वर्णन आहे खुद्द शिकाऱ्याच्याच तोंडीं. तरी ऐकणारा धांवतो तो हरिणाबरोबर. माझ्या मतें चांगल्या भयकथेची कसोटी हीच.

हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको' चित्रपटांतला स्नानगृहांतील खून कोणाला ठाऊक नाहीं? तेथें सुरा अंगांत शिरलेला जवळजवळ दिसतच नाहीं. पण त्याआधीं पाऊण तास आपण त्या पैसे घेऊन पळालेल्या तरुणीच्या शेजारीं बसून प्रवास केलेला असतो, परत जाऊन चूक निस्तरण्याचा तिचा निश्चयही आपल्याला कळलेला असतो. म्हणून तो घाव लागतो. पुढें निघालेल्या कित्येक चित्रपटांत माणसांचें मरण हें केवळ मोजणीचें काम झालें. तेथें भय नाहीं, किळस आहे. आणि शास्त्रकारांनीं जुगुप्सेला बीभत्स हें निराळें घर बांधून दिलें, तें उगीच नव्हे. (ते चित्रपटही मीं पाहिले आहेत, हें कबूल करणें भाग आहे.) उलट २०१८ सालच्या 'तुंबाड'मध्यें मला त्या सोन्याच्या लोभी राक्षसापेक्षां, स्वतःच्या पोराला त्याच्या विवरांत उतरायची तालीम देणारा बाप अधिक भेसूर वाटला.

असो. कसोटी सांगणारा मीच एकदां तिच्यावर उतरलों नाहीं, तें सांगतों.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्झ याची १९०२ सालची 'माकडाचा पंजा' ही कथा मला जवळजवळ मुखोद्गत आहे. तीन इच्छा पुरविणारा एक पंजा म्हाताऱ्या नवराबायकोच्या हातीं येतो. बाप २०० पौंड मागतो. ते मिळतात, पण मुलगा यंत्रांत सांपडून मेल्याची भरपाई म्हणून. कांहीं दिवसांनीं आई दुसरी इच्छा मागावयास लावते, कीं माझा मुलगा जिवंत होऊं दे. रात्रीं दारावर थाप पडते. आई धांवते, वरची कडी हाताला येईना म्हणून खुर्ची ओढते. आणि दाराबाहेर काय उभें असेल या कल्पनेनें गारठलेला बाप अंधारांत पंजा चांचपून तिसरी इच्छा उच्चारतो. दार उघडतें तेव्हां रस्ता रिकामा असतो.

एका पावसाळी रात्रीं, वीज गेलेली असतांना, घरच्या मंडळींना मीं ही गोष्ट सांगितली. थाप कोणत्या आवाजांत वाजवावी, कोठें थांबावें, कोण दचकतो, याकडे माझें सारें लक्ष होतें. कोपऱ्यांत मावशी वाती वळीत बसली होती, आणि तिचा कर्ता मुलगा जाऊन तेव्हां पुरतें वर्षही झालें नव्हतें, याचें मला भान राहिलें नाहीं. गोष्ट संपली. पोरें एकमेकांना बिलगलीं होतीं. मी प्रसन्न होतों.

मावशी म्हणाली, "कडी निघायला किती वेळ होता रे?"

"क्षणभराचा," मीं सांगितलें.

"मग त्यानं तेवढं थांबायला हवं होतं. कसाही असता तरी तिनं घरांत घेतला असता."

तिनें दिवा जवळ ओढला व पुन्हां वाती वळावयास घेतल्या.