पोथी राखावी की वाटावी?

मागे माळेगावची यात्रा करून एक विद्यार्थी लोह्यास आमच्या घरी उतरला होता. आमच्या वडिलांच्या हातचे अभंगांचे बाड त्याला मोबाइलवर टिपून घ्यायचे होते. आम्ही नाही म्हणालो. जाताना तो बोलून गेला, "महाराज, पानं तर कसरीनं खाल्ली, आता कुणासाठी राखता?" राग आला खरा, पण रात्री झोप येईना.

जुने लेखक पोथीच्या शेवटी पोथीच्याच तोंडून विनवणी लिहीत: तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पाठशाळेत आम्हांला हेच शिकवले. पण झाले काय, चौथी आज्ञा पाळता पाळता पहिल्या तीन आम्ही विसरलो. बाड माळ्यावर, आणि माळा गळका!

एकाच ठिकाणी ठेवलेल्या धनाला भय असतेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ५ जानेवारी २००४ रोजी जमाव शिरला आणि ग्रंथांची नासधूस झाली. स्कॅन करून चार ठिकाणी प्रत ठेवली, तर निदान अक्षर वाचते. एवढ्यापुरते यंत्राचे उपकार मानलेच पाहिजेत.

येथे कोणी शंका घेईल, मग दप्तर सांभाळणाराचे काम संपले काय? आपल्या मराठवाड्यातच पाहा. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामी कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरे उघडली. नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गेल्या. पण कागद मोडीत आणि उर्दूत! यंत्राने पान दाखवले, वाचायला जाणता माणूसच हुडकावा लागला. पूर्वी गाठोडे काढून देणे हे दप्तरदाराचे काम. आता कागद कुठला, कोणाच्या हातचा, पुरा की अपुरा, हे सांगणे हेच मोठे काम झाले आहे.

हे काम नवे नाही बरे! नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ग्रंथ लोकांच्या हाती होताच, पण उतरून घेता घेता अपपाठ शिरले होते. तेव्हा एक प्रत लिहायला महिने लागत, चूक पायी चालत असे. आज ती बोट लावताच शंभर दिंड्यांत पोहोचते. शेवटी तुकोबांचे नाव जोडले की झाला अभंग!

लाज वाटते, पण सांगतो. मोबाइलवर आलेला असाच एक अभंग आम्ही कीर्तनात घेतला. उतरल्यावर एक म्हातारी माळकरीण म्हणाली, "महाराज, ह्यो गाथ्यात कुठं हाय?" रात्रभर गाथा चाळला. नाही सापडला. चौथ्या आज्ञेतला मूर्ख कोण, हे त्या रात्री कळले.

त्या विद्यार्थ्याला आम्ही परत बोलावून घेतले. अट एकच घातली: प्रत्येक चित्राखाली बाड कोणाचे, अक्षर कोणाचे, कोणते पान गहाळ, आणि आम्हांला जेथे शंका आहे ती शंका, हे सगळे लिहायचे, त्यावाचून एक पानही कोणाला धाडायचे नाही. त्याने मान्य केले. काम दोन दिवस चालले. अकरा पाने ओलीने चिकटून बसली आहेत. ती उघडली नाहीत. तसेच लिहून ठेवले.