भेट

काही शब्द इतके रोजच्या वापरातले असतात की त्यांच्या पोटात काय साठले आहे हे पाहायला आपण कधी थांबत नाही. ‘भेट’ हा तसाच एक शब्द. माणूस माणसाला भेटतो ती भेट, आणि प्रेमाने दुसऱ्याच्या हाती काही ठेवतो तीही भेट. कोणाच्या घरी गेलो तर आपण भेट ‘घेतो’ आणि भेट ‘देतो’ही, म्हणजे घेणे आणि देणे या दोन उलट दिशांच्या क्रिया आपल्या भाषेने या एका शब्दात सुखाने नांदवल्या आहेत. जगातले धर्म समजून घेणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार करू लागलो की माझे मन फिरून फिरून याच शब्दापाशी येते, आणि त्याचा एकेक पदर उलगडायला लागतो तो आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरच्या नागोबापाशी.

इंद्रवेल्ली मंडलातले केस्लापूर हे राजगोंडांच्या मेश्राम कुळाचे श्रद्धास्थान. पौष अमावास्येच्या कितीतरी दिवस आधी मेश्राम मंडळी पायी निघतात, हस्तिनमडुगू येथे गोदावरीचे पाणी कलशात भरतात, वाटेत मुक्काम करत ते केस्लापूरला आणतात, आणि अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने नागोबाची महापूजा होते. त्यानंतर कुळात नव्याने आलेल्या सुना पांढरी वस्त्रे नेसून, चेहऱ्यावर पदर ओढून, वडीलधाऱ्या बायकांच्या सोबतीने देवापुढे जातात. या विधीला तिथे ‘भेटिंग’ म्हणतात. तो पार पडला की कुळाच्या देवकार्यात त्या सुनेला स्थान मिळते. मराठी कानाला हा शब्द घरचाच वाटतो. त्याचा भाव मात्र मनात मुरायला वेळ लागतो. सुनेला देव दाखवावा एवढाच हेतू तिथे नाही. देवाला सून दाखवायची असते. पाहणारा देव असतो, आणि आपण पाहिले जात असतो.

भेटीचा पहिला पदर हा, की तिथे आधी आपली ओळख द्यावी लागते. आपण दुसऱ्याच्या धर्माकडे जातो तेव्हा बहुधा प्रश्न घेऊनच जातो: तुमचा देव कोणता, तुमचा ग्रंथ कोणता, तुमचे सण कधी, उत्तरे टिपून घेतो आणि समजले असे मानून परत फिरतो. ती झाली माहिती, आणि माहिती एका अंगानेही मिळवता येते. भेट मात्र दोन्ही अंगांनी व्हावी लागते. दुसऱ्याच्या श्रद्धेसमोर आपणही उघडे व्हावे, आपले कूळ, आपले संस्कार, आपले पूर्वग्रह घेऊन तिच्या नजरेसमोर उभे राहावे, आणि तिने आपल्याकडे पाहिले म्हणून आपल्यात काही हलले, तरच तिला भेट म्हणावे.

दुसरा पदर प्रधानांनी जपला आहे. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक; आदिलाबादच्या प्रधानांच्या घरात मराठी बोलली जाते, आणि तरीही गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या, त्यांच्या देवांच्या दीर्घ कथा ते किकरी या तंतुवाद्याच्या सुरावर गोंडीत गातात. पर्सा पेन या कुळाच्या देवाच्या पूजेत त्यांच्या गाण्यावाचून कार्य पुरे होत नाही, आणि त्या गाण्याबद्दल यजमान कूळ त्यांना देणगी देते. घरची बोली एक आणि कंठातली गाथा दुसऱ्या बोलीतली, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ज्याला भेटायचे त्याची वाणी आपल्या कंठात वसवावी लागते, आणि ती वसवली की घेणारा कोण, देणारा कोण, हे वेगळे काढता येत नाही.

आज आपण ज्यांना मानव्यविद्या म्हणतो, म्हणजे भाषा, इतिहास, पुराणकथा, मानवशास्त्र, त्या माझ्या समजुतीने या भेटीचीच साधना आहेत. व्हिएन्नात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ 1940 च्या दशकात या भागात आले, गोंडांमध्ये राहिले, आणि त्यांच्या कथा व विधी यांवरचा ग्रंथ त्यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केला. आपले सेतुमाधवराव पगडी निजामी राजवटीत अधिकारी म्हणून आदिलाबादेत असताना गोंडी शिकले, आणि त्यांनीही गोंडांविषयी लिहिले. हायमेन्डॉर्फ यांच्या प्रेरणेने त्याच काळात नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला, ज्यात अधिकाऱ्यांनी लोकांचे म्हणणे त्यांच्या देवाच्या दारी येऊन ऐकायचे. अभ्यास म्हणून जे घेतले, त्याची परतफेड अशी काही प्रमाणात देण्यात झाली, म्हणून त्या अभ्यासाला भेट हा शब्द शोभतो.

तिसरा पदर भाषेच्या वाटेने जातो. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले. हेतू धर्मप्रसाराचा होता, पण ख्रिस्ताची कथा मराठी माणसाला सांगायची तर ती ओवीतच उतरली पाहिजे हे त्यांनी ओळखले, आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्याच्या उलट दिशेने विनोबा चालत गेले. कुराण समजून घ्यायला ते मूळ अरबी शिकले, आणि मग त्याचे सार त्यांनी सर्वांसाठी वेचून काढले. एकाने आपली श्रद्धा दुसऱ्याच्या छंदात आणली, दुसऱ्याने दुसऱ्याची श्रद्धा तिच्याच भाषेत जाऊन ऐकली. दोघांनाही आपल्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावे लागले.

आणि शेवटचा पदर, जो मला सर्वांत उशिरा दिसला. ‘सगळे धर्म अखेर एकच’ असे आपण सद्‌भावनेने म्हणतो, पण भेटायला दोघे लागतात. गळाभेटीत मिठी कितीही घट्ट असली तरी हृदये दोन असतात, आणि म्हणूनच एकाला दुसऱ्याचे ठोके ऐकू येतात. नागोबा नागोबाच राहावा, विठोबा विठोबाच, कुराणातला अल्लाह आपल्या अरबी नादासह राहावा. त्यांना घाईने एकात विरघळवले तर भेटायचे कोणी कोणाला?

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले मारलवाई हे गाव आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. हायमेन्डॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांच्या समाध्या तिथे शेजारी शेजारी आहेत, आणि गोंड मंडळी त्यांची पुण्यतिथी पाळतात. परक्या देशातून, परक्या धर्मातून जी माणसे समजून घ्यायला आली, त्यांना त्या गावाने आपल्या मातीत जागा दिली. सज्जनहो, शेजारच्या घरातला देव आपल्याला कितीसा ठाऊक आहे? त्याच्या दारी जा, आधी आपले नाव सांगा, आणि मग थोडा वेळ शांत बसा.