समुद्रातील वाटा

(वाचावयाचे भाग : स्तोत्र 8 वे, योहान, अध्याय 9 वा)



दाविदाच्या आठव्या स्तोत्रात मासळीबरोबर समुद्रातील वाटांचाही उल्लेख आहे. आम्ही कोरडवाहू मुलखातील माणसे; आमच्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलाही नाही. तथापि त्या वाटांचा आमच्या भाकरीशी संबंध आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

2015 साली मराठवाड्यात पाऊस फारच थोडा पडला. त्या वर्षी आम्ही फिरतीवर असता एका गावी लोक म्हणत होते की, एका विधवेच्या पायगुणामुळे मेघ परत गेले. दुःखाची गोष्ट ही की, असे म्हणणाऱ्यांत आमच्या मंडळीचे लोकही होते. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही प्रभूला असेच विचारले होते, आणि प्रभूने त्या मनुष्याच्या व त्याच्या आईबापांच्या माथी दोष ठेवला नाही.

तर मग मेघ कोठे अडले?

तापलेल्या दुधावर फुंकर घातली म्हणजे साय पलीकडच्या काठाशी जमते व अलीकडे खालचे दूध वर दिसू लागते. प्रशांत महासागरात असेच घडत असते. तेथे विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात व वरचे ऊन पाणी आशियाच्या बाजूस लोटतात. पूर्वेस दक्षिण अमेरिकेतील पेरू देश आहे. त्याच्या किनाऱ्याने वारा उत्तरेकडे वाहतो. परंतु पृथ्वी फिरत असल्यामुळे त्याने ढकललेले पाणी सरळ न जाता डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, वळते. त्याच्या जागी खोल तळचे थंड पाणी वर येते. 1802 साली हंबोल्ट नामक विद्वानाने तेथील पाण्याची उष्णता मोजली. त्या प्रवाहास आज त्याचेच नाव आहे. (इतरत्र पाणी थंडीने व मिठाने जड होऊन बुडते, त्यानेही प्रवाह चालतात, पण तो विषय निराळा.) हे तळचे पाणी शेतास खत तसे समुद्रास असते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बोटभर लांबीची मासळी पोसते, आणि त्या मासळीवर पक्षी व माणसे जगतात. 1970 साली पेरूच्या कोळ्यांनी ती 1 कोटी टनांहून अधिक धरली.

परंतु काही वर्षांनी एकदा ते वारे मंदावतात. मग लोटलेले ऊन पाणी पूर्वेकडे परत पसरते व मासळी नाहीशी होते. नाताळाच्या सुमारास हे ऊन पाणी येते असे पाहून तेथील कोळ्यांनी त्यास 'एल निन्यो', म्हणजे बाळ, असे नाव दिले. ते बाळ म्हणजे बाळ येशू. ज्याच्या येण्याने जाळे रिकामे राहते त्यास त्या गरीब लोकांनी हे नाव द्यावे, ह्याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे.

ऊन पाणी सरकले म्हणजे त्यावरचे ढगही सरकतात, आणि इकडे आमच्या आकाशात हवा खाली दबून पाऊस कमी पडण्याचा संभव वाढतो. 1877 व 1899 सालच्या दुष्काळांमागे हेच होते. पण तेव्हा ते कोणास ठाऊक नव्हते. 1904 साली गिल्बर्ट वॉकर हे भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झाले. दूरदूरच्या ठिकाणचे हवेचे दाब ताडून पाहता त्यांस असे आढळले की, प्रशांत महासागराच्या एका बाजूस दाब चढला म्हणजे दुसऱ्या बाजूस उतरतो, जणू तराजूची दोन पारडी. समुद्राच्या उष्णतेशी त्याची सांगड 1969 साली ब्येर्कनेस ह्यांनी घातली. त्यानंतर तीनच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ आला. आमचे वडीलधारे रस्त्यावर खडी फोडत होते, त्याच वर्षी पेरूत मासळीचा धंदा बुडाला. अतोनात मासेमारीही त्यास कारण झाली, हे खरे.

उपदेशक बंधूंनी मात्र ह्यावरून भविष्य सांगू नये. 1997 साली एल निन्यो मोठा असूनही भारतात पाऊस साधारण पडला. आता त्या महासागरात नांगरलेली यंत्रे पाण्याची उष्णता कळवीत असतात, आणि वेधशाळा ती पाहूनच पावसाचा अंदाज देते. तो मंडळीत वाचून दाखवावा.

त्या रात्री आम्ही त्या विधवेच्या घरी उतरलो. सकाळी टँकर आला तेव्हा तिची घागर रांगेत सर्वांच्या शेवटी होती.