दारापुढचा रस्ता कुणाचा?

दिवाळीच्या पहाटे आपल्याकडची गृहिणी दारापुढे सडा घालते, रांगोळी काढते. अंगण असेल तर ती अंगणात उमटते. नसेल तर उंबऱ्याबाहेर, सरळ रस्त्यावर. रस्ता ग्रामपंचायतीचा की नगरपालिकेचा, हा प्रश्न तिला पडत नाही आणि रांगोळी वाचवून कडेने जाणाऱ्या वाटसरूलाही पडत नाही. मालकी एकाची, माया दुसऱ्याची आणि वापर सर्वांचा, अशी ही गोड व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली. ती मोडली मोटारीने. रांगोळीला वळसा घालता येतो; पण दाराला टेकून मोटार उभी असेल तर घरातल्या आजारी माणसाला बाहेर काढायचे कसे?

आमची पाली मुंबई-गोवा महामार्गावर वसलेली. नाणीज, साखरपा, आंबा घाट करीत कोल्हापूरला जाणारी वाट इथूनच फुटते. जिथे वाटा फुटतात तिथे दुकाने येतात, दुकानांमागून गिऱ्हाईक येते, आणि गिऱ्हाईक हल्ली पायी येत नाही. बाजाराला लागून राहणारे एक गृहस्थ परवा मला म्हणाले, "गुरुजी, दार आमचं, धूळ आमच्या घरात, आणि गाडी लावायला आम्हांलाच जागा नाही! रहिवाशांना परवाने द्यावेत आणि बाकीच्यांना मज्जाव करावा." शेजारी बसलेले दुकानदार लगेच उसळले, "गिऱ्हाइकाला मज्जाव केलात तर आम्ही विकायचं कुणाला? आणि तुम्ही वाणसामान आणायला जाणार कुठं?" दोघेही खरे बोलत होते. खोटे विरुद्ध खरे असा तंटा सोपा असतो. खरे विरुद्ध खरे असा असला म्हणजे माणसाला विचार करावा लागतो.

हा तंटा केवळ आपल्याच गावाचा नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आर्लिंग्टन नावाचा परगणा आहे. तेथील क्रिस्टल सिटी या कचेऱ्यांच्या भागात येणारे नोकरदार जवळच्या घरवस्तीत गाड्या लावून जात. परगण्याने नियम केला की, कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळात तेथे परवान्याशिवाय गाडी लावू नये. परवाने रहिवाशांना, त्यांच्याकडे कामासाठी येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांना मिळतील. नोकरदार न्यायालयात गेले. रस्ता सर्वांच्या पैशाचा, मग हा भेद का, असा त्यांचा सवाल. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला तो पटला. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली नियम वैध ठरवला. वस्तीतला गोंगाट, धूर आणि गर्दी कमी करण्यासाठी असा भेद करता येतो, हे त्याचे तात्पर्य.

जपानने त्याआधीच, १९६२ साली, निराळी वाट धरली. मोटार घेणाऱ्याने ती ठेवण्याची जागा रस्त्याबाहेर आहे हे आधी दाखवावे, असा कायदा केला. आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीही २०२५ च्या मे महिन्यात असाच विचार बोलून दाखवला. अमेरिकेने विचारले, "जवळ कोण राहतो?" जपानने विचारले, "तुझी स्वतःची सोय काय?" मला दुसरा प्रश्न अधिक प्रामाणिक वाटतो. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सरळ नाही.

कोकणात तर मुळीच नाही. रहिवासी म्हणजे कोण? पिढीजात घर ज्याच्या नावावर आहे, पण जो मुंबईला नोकरी करतो आणि गणपतीला व शिमग्याला गाडी घेऊन येतो, तो चाकरमानी? की त्याच घराच्या पडवीत भाड्याने राहून बारा महिने तिथली धूळ खाणारा बिऱ्हाडकरू? सातबारा पहिल्याकडे बोट दाखवतो, रोजची अडचण दुसऱ्याकडे. आणि जिच्याकडे गाडीच नाही त्या म्हातारीचे काय? ती तर दोघांहून जुनी रहिवासी. एका मोटारीला सुमारे सव्वाशे चौरस फूट जागा लागते, म्हणजे दहा बाय बाराची एक खोलीच. गाडीवाल्याला परवाना फुकट दिला तर गावाने त्याला रस्त्यावर एक खोली आंदण दिली, आणि म्हातारीची चालायची वाट तेवढी अरुंद केली.

या गुंत्यात मला आपल्याच वहिवाटीचा आधार वाटतो. दुसऱ्याच्या आवारातून जाणारी पायवाट आणि तिच्यापायी पिढ्यांनी लढवलेले दावे कोकणी माणसाला नवे नाहीत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, उघडपणे, शांतपणे आणि हक्काने अखंड वीस वर्षे वापरलेल्या वाटेवर जाण्यायेण्याचा अधिकार सांगता येतो. पण तो जाण्यायेण्याचाच. त्या वाटेवर कुणी मांडव घालू म्हटले तर चालत नाही. गरजेने हक्क उत्पन्न होतो, पण तो गरजेएवढाच असतो, ही केवढी शहाणी समजूत आहे!

रहिवाशाचा परवाना याच मापाने मोजावा. जवळ राहणाऱ्याला अडचण अधिक, म्हणून त्याला अग्रक्रम द्यावा. तो मालक आहे म्हणून नव्हे. ज्याच्या आवारात जागा आहे त्याने गडग्याच्या आत गाडी घ्यावी. ज्याला खरोखरच जागा नाही त्याला ठरावीक वेळेपुरता परवाना मिळावा, आणि त्याचे मोल त्याने गावाला द्यावे. भाडेकरूला घरमालकाइतकाच मान असावा. बाजाराच्या वेळी गिऱ्हाइकाला घटकाभर जागा असावी. डॉक्टर, पाहुणा आणि वाटसरू यांना तर नेहमीच. म्हातारीची कडेची वाट मात्र कुणालाही, कोणत्याही किमतीला देऊ नये.

माझ्या त्या दोन मित्रांना हे पूर्णपणे पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. गृहस्थांना मोल द्यावे लागेल आणि दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या दोन गाड्या लांब उभ्या कराव्या लागतील. पण सर्वांच्या मालकीची वस्तू वापरताना प्रत्येकाला थोडेसे कमी पडले, तरच ती सर्वांची राहते. ज्या दिवशी एखाद्याला रस्ता पुरेपूर मिळेल, त्या दिवशी तो रस्ता राहणार नाही. त्याचे अंगण होईल.