निवडणारा पालक, विचारणारा पालक

जून उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना पालकांची आठवण होते. दप्तर किती जड असावे, डब्यात काय द्यावे, शाळेची बस कशी पारखून घ्यावी, पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाला फाटकाशी सोडून मागे कसे फिरावे, सगळे सविस्तर येते. सोबत शाळा निवडताना विचारायच्या प्रश्नांची चौकट असते: बोर्ड कुठले, मैदान आहे का, वर्गात मुले किती, फी किती. यातले काही चुकीचे नाही. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, हे 2015पासून खुद्द शासनच सांगत आले आहे. पण हा सारा मजकूर वाचून झाला की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पालकाने शाळेला जे काही विचारायचे ते प्रवेश घेण्याआधी. पैसे भरले की त्याच्याकडे उरतात ते डबा, रेनकोट आणि वह्यांची कव्हरे.

ही निव्वळ नजरचूक असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तिच्यामागे एक विचार आहे, आणि इंग्रजी शाळांच्या लाटेबरोबर तो मराठी मध्यमवर्गात इतका मुरला आहे की तो विचार आहे हेच आता कुणाला जाणवत नाही. पालक हा ग्राहक आहे. त्याला पुरेशी आणि खरी माहिती द्या. तो चांगली शाळा निवडेल. वाईट शाळांचा पट घसरेल आणि त्या एकतर सुधारतील नाहीतर बंद पडतील. शिक्षणात माहितीचे काम ते एवढेच, असे या विचाराचे म्हणणे.

जूनच्या चर्चेत इतरही सूर लागतात. पूर्वीचे पालक शाळेकडे फिरकतही नसत आणि तरी मुले शिकली, असे काही ज्येष्ठ म्हणतात. शाळा अर्ध्यावर सोडलेली मुले त्यांच्या आठवणीत नसतात. पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप बंद करा म्हणजे निम्मे प्रश्न सुटतील, असे काही शिक्षक म्हणतात; ते त्रासून बोललेले असते, तसेच सोडून द्यावे. ग्राहक पालकाची कल्पना मात्र तशी सोडून देता येत नाही, कारण तिच्या बाजूने पुरावा आहे, आणि तोही चांगला.

ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा या अर्थतज्ज्ञांनी पाकिस्तानातल्या पंजाबमधील 112 गावांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांतल्या पालकांना त्यांच्या मुलाचे आणि गावातल्या सगळ्या शाळांचे चाचणीतले गुण कळवले गेले. या गावांत मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सुमारे 17 टक्क्यांनी उतरली. नुसत्या एका गुणपत्रकाने एवढे घडले. निवडीची बाजू घेणाऱ्यांनी हा दाखला वारंवार द्यावा, यात नवल नाही.

पण तो नीट वाचायला हवा. पहिली गोष्ट, त्या गावांत सरकारी आणि खासगी मिळून अनेक शाळा होत्या, एकमेकींपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या वाडीत किंवा भामरागडच्या पाड्यावर शाळा एकच असते. एका शाळेत कसली निवड? मंडईत भाजी आवडली नाही तर पुढच्या गाळ्यावर जाता येते. वाडीत दुसरा गाळाच नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या प्रयोगात मुलांनी शाळा फारशा बदलल्याच नाहीत. मुले होती त्याच शाळेत राहिली आणि बदलली ती शाळा. म्हणजे माहितीने पालकाला बाहेरचा रस्ता दाखवला नाही, तर आहे त्याच दारात उभे राहून जाब विचारण्याचे बळ दिले. निवडवाद्यांचा सर्वांत भक्कम पुरावा निवडीचा नाहीच, विचारण्याचा आहे.

शहरांत निवड असते, असे म्हणता येईल. असते, पण किती काळ? पुण्यात किंवा ठाण्यात ज्युनिअर केजीला घातलेले मूल दहावीपर्यंत त्याच शाळेत राहते. घर, बस, भाऊबहीण, भरलेली डिपॉझिट या सगळ्यांनी पालक बांधलेला असतो. त्याने निवड केली ती एका दिवशी आणि ती निभावायची ती बारा-तेरा वर्षे. पुरवण्यांतली सगळी माहिती त्या एका दिवसासाठी असते.

शिवाय कुठलीही निवड ज्यांना चुकवू शकत नाही, असे निर्णय वरून येतात. 2025 सालचेच पाहावे. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. विदर्भ वगळता राज्यातल्या शाळा 16 जूनला उघडल्या आणि दुसऱ्याच दिवशी सुधारित निर्णय आला: हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल, मात्र वर्गातल्या किमान 20 विद्यार्थ्यांनी मागितली तर दुसरी भारतीय भाषा शिकता येईल. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. पहिलीच्या पालकाला त्या पंधरवड्यात मूल कुठल्या भाषा शिकणार हे धड माहीत नव्हते. निवडीच्या भाषेत बोलणाऱ्यांनी 20च्या अटीकडे विशेष पाहावे. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेच्या पहिलीत मुळात 20 मुले नाहीत, तिथे तो पर्याय कागदावरच राहणार होता. आणि निर्णय मागे घेतला गेला तो पालकांनी शाळा बदलल्या म्हणून नव्हे, लोक बोलले म्हणून.

आदल्या वर्षीही असेच घडले होते. फेब्रुवारी 2024मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल करून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के राखीव प्रवेशांतून वगळण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. शाळा जूनमध्ये भरल्या, राखीव जागांवरच्या मुलांची यादी जुलैत लागली. पोर्टलवर शाळांची नावे, अंतरे, रिक्त जागा अशी निवडीची माहिती पालकांसमोर होतीच. ती पुरी पडली नाही, कारण ती कुठल्या नियमाने बनली आणि तो नियम आव्हान देण्याजोगा आहे का, हे वेगळेच ज्ञान होते, आणि ते मूठभर संघटनांपाशी व पालकांपाशी होते.

इथे येऊन दोन प्रकारची माहिती वेगळी करावी लागते. एक निवडीची माहिती: ती शाळांची तुलना करते आणि प्रवेशाच्या दिवशी तिचे काम संपते. दुसरी विचारण्याची माहिती: आपल्याला काय देणे लागते, ते देण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, दिले नाही तर कुणाकडे जायचे आणि त्याने किती दिवसांत उत्तर द्यायचे. पहिलीला बाजारभाव आहे, म्हणून ती छापली जाते. शाळांच्या जाहिराती तिच्याच शेजारी असतात. दुसरीला जाहिरातदार नाही. ती कायद्याच्या कलमांत आणि शासन निर्णयांच्या परिशिष्टांत पडून असते, आणि खऱ्या अर्थाने जूनची बातमी ती आहे.

शिक्षण हक्क कायद्यातली उदाहरणे साधीच आहेत. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी वा अनुदानित शाळेत जाताना आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश लांबवता येत नाही. दाखला देण्यात चालढकल करणाऱ्या मुख्याध्यापकावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. बीडच्या ऊसतोड कुटुंबाला दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या तळावर गेल्यावर नेमके हेच लागते, आणि ते त्याला कुठल्याही पुरवणीत मिळत नाही. याच कायद्याच्या 32व्या कलमाप्रमाणे मुलाच्या हक्काविषयी कुणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. 'शाळा निवडताना' या चौकटीत हे बसत नाही, कारण हे निवडताना लागतच नाही. लागते ते नंतर.

कायद्याने पालकाला तक्रारदारापुरते ठेवलेले नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम. 2024-25मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली गणवेशाचा कारभार या समित्यांकडून काढून घेण्यात आला. कापड वरून येणार आणि बचत गटांतल्या महिला ते शिवणार, असे ठरले. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश आले नव्हते. डिसेंबरात तो अधिकार समित्यांकडे परत आला. गणवेश उशिरा आला, ही बातमी सगळ्यांनी छापली. गणवेश आणण्याचा अधिकार मुळात पालकांच्या समितीचा होता आणि तो गेला होता, हे मात्र फार थोड्या पालकांच्या कानावर गेले.

बदलापूरचे उदाहरण जास्त कठोर आहे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती असावी, हा शासन निर्णय मार्च 2022चा. ऑगस्ट 2024मध्ये तिथल्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेला अत्याचार उघडकीला आला आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे त्या समितीचे नाव घरोघरी पोहोचले. जवळपास अडीच वर्षांत तीन जून होऊन गेले होते. आपल्या शाळेत ही समिती आहे का, तिच्यात कोण आहे, ती शेवटची कधी बसली, एवढे तीन प्रश्न त्या जूनमध्ये पालकांच्या हाती असते तर काय टळले असते, याचे उत्तर कुणीच देऊ शकत नाही. ते प्रश्न पालकांच्या हाती नव्हते, एवढे मात्र नक्की.

महाराष्ट्राला पालक हा ग्राहक म्हणून नवा आहे, हुकूम पाळणारा म्हणून जुना. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे शेतकऱ्यांच्या मुलांची कैफियत मांडली, तीही पालकांच्या वतीने. पालक स्वतः तिथे नव्हते. सक्तीचा तो काटा 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने उलटा फिरवला. आता सक्ती आहे ती सरकारवर. हा फार मोठा बदल आहे आणि शाळेच्या फाटकाशी तो अजून पोहोचलेला नाही. पालकाला अजूनही सूचना मिळतात: अमुक तारखेला या, अमुक रंगाचे बूट घ्या, 'अपार' या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी संमतीपत्र भरा. संमतीपत्र असेल तर संमती नाकारताही येते, हे सांगणारी ओळ त्या सूचनेत सहसा नसते.

या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. हक्क सांगितले म्हणजे पालक विचारू लागतात, असे नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. गावच्या शिक्षण समितीचे अधिकार काय हे लोकांना सभा घेऊन समजावले गेले. सरकारी शाळांच्या कारभारावर आणि तिथल्या शिकण्यावर त्याचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. तेव्हा नुसती माहिती, मग ती कुठलीही असो, पुरी पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण जौनपूरचा निष्कर्ष निवडवाद्यांच्या पदरात पडत नाही. एकेकट्या गरीब पालकाने अधिकार कळला म्हणून मुख्याध्यापकाशी वाकडे घ्यावे, ही अपेक्षाच अवाजवी होती. त्याचे मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणार असते. विचारण्याची माहिती उपयोगी पडते ती विचारणारे एकापेक्षा जास्त असतील तेव्हाच.

महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्याने हे हेरले आहे आणि अडवलेही आहे. 2011 साली संमत झालेल्या या कायद्याप्रमाणे खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जाते आणि पुढच्या वर्षीची प्रस्तावित फी शाळेने सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायची असते. म्हणजे जुलैचा मध्य आणि डिसेंबर, या दोन वेळा फीविषयीच्या कुठल्याही लेखात ठळक छापायला हव्यात. नंतरच्या दुरुस्तीने पालकांना विभागीय समितीकडे दाद मागता येऊ लागली, पण त्यासाठी किमान 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात. बाराशे मुलांच्या शाळेत ही संख्या तीनशेच्या घरात जाते. एवढे पालक एकमेकांना शोधणार कुठे? त्यांचे फोन क्रमांक शाळेकडे आहेत. ते ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकत्र आहेत, तिथे संदेश टाकण्याची सोय बहुधा फक्त ॲडमिनला असते, आणि ॲडमिन शाळा असते.