निम्मी गोष्ट

मला जुन्या वस्तऱ्यांचा नाद आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात हिंडून हिंडून सात-आठ गोळा केलेत. काहींच्या पात्यावर शेफील्डचा शिक्का, एकावर जर्मनीतल्या झोलिंगेनचा. आणला की आधी गंज काढायचा, मग दगडावर धार लावायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. पट्ट्यावर ओढताना पाठ पुढं नि धार मागं. उलटा ओढला तर पट्टाच कापतो. रविवारी सावकाश दाढी करतो. हातानं घाई केली की गाल लगेच सांगतो.

हा नाद लागला तो गावाकडच्या तात्यांमुळं. ते गावकीचे न्हावी. काखेत धोकटी मारून सकाळीच यायचे, आमच्या घरापुढच्या लिंबाखाली बसायचे. आम्हा पोरांची डोकी गुडघ्यांत दाबून धरायचे. मान हलली की टपली. वडलांच्या गळ्यावरनं वस्तरा फिरताना मी श्वास धरून बघायचो. ज्याच्या हाती गळा द्यायचा, त्याला बसायला मात्र गोणपाट. तेव्हा ते खटकलं नाही.

तात्या गेले. त्यांच्या लेकाचं फाट्यावर सलून आहे. तिथं दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, मधोमध मोडून निम्मं लावायचं. मागं गावी गेलो तेव्हा त्याच्याकडं तात्यांचा वस्तरा मागितला. दोन हजार देतो म्हणालो. त्यानं घरनं फडक्यात गुंडाळून आणला. धार लावून लावून पातं निम्मं झिजलं होतं.

"पैसं नगं, दादा. न्या. पर कुणाला दावताना निम्मीच गोष्ट सांगू नका."

"निम्मी म्हणजे?"

"ह्यो कुणाकुणाच्या गालावर फिरला त्ये तुमी सांगालच. कुणाच्या फिरला न्हाई, त्ये बी सांगा."

मला एकदम आठवलं. माझ्या वर्गात महारवाड्यातला एक मुलगा होता. त्याचे केस त्याचा बाप घरीच कात्रीनं कापायचा. डोक्यावर पायऱ्या पडायच्या, आम्ही हसायचो. एकदा तो मुठीत पैसे धरून लिंबाखाली आला. तात्यांनी हातातला वस्तरा थांबवला आणि माझ्या वडलांकडं बघितलं. वडील बोलले काहीच नाहीत. नुसती मान हलवली. तात्यांनी खाली बघितलं. पोरगं आल्या वाटेनं गेलं.

दोष कुणाचा? नाही म्हणाला तो हात तात्यांचा होता. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं होतं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. म्हणजे वस्तरा धरणाऱ्याला रूढी मोडता येते. पण ते पुष्कळ होते, एकजुटीनं उभे होते. तात्या गावात एकटे. त्यांचं वर्षाचं बलुतं सुगीला आमच्याच खळ्यावर मोजलं जायचं. त्या पोराच्या डोक्याला हात लावला असता, तर दुसऱ्या दिवशी गावानं त्यांच्यापुढं मान वाकवली नसती. हे त्यांना ठाऊक होतं. वडलांना तर जास्तच. म्हणून तात्यांना मी सगळं माफ करत नाही, पण ज्याच्या हातात धान्य होतं त्याचा वाटा मोठा धरतो. तो माझा बाप होता, हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली. आणि हसणाऱ्यांत मी होतो, हेही त्यातच आलं.

जुन्या वस्तूवर जीव जडला की आपण तिचं पोलाद बघतो, मूठ बघतो, वय विचारतो. हिशेब विचारत नाही.

तो वस्तरा मी घेऊन आलो. धार लावून ठेवलाय, गालाला अजून लावलेला नाही. घरी कुणी आलं, पेटी उघडली, की शेफील्डचं कौतुक सांगून झाल्यावर हा हातात देतो आणि लिंबाखालचं सगळं सांगतो. वडलांच्या मान हलवण्यापाशी आलं की जीभ अडखळते. तरी सांगतो.